‘भरपूर पाणी प्या’ : पण कोणतं पाणी?

एप्रिल लागला की आपल्या इकडे एक वाक्य सगळीकडे दिसायला लागतं. दवाखान्याच्या भिंतीवर, शाळेच्या फलकावर, पेपरच्या चौकटीत आणि फॅमिली ग्रुपवर तर दिवसातून तीनदा. ‘उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या. रोज किमान तीन ते चार लिटर.’

या लेखात आपण या एकाच वाक्याची समीक्षा करणार आहोत. कादंबरीची करतो तशीच. हे वाक्य कुठून आलं, कोणाला उद्देशून आहे, काय गृहीत धरतं आणि कशाबद्दल गप्प बसतं? पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा मित्रमैत्रिणींना मला हेच सांगायचं आहे, की मोठ्या शोधनिबंधावर तुटून पडण्याआधी असं एखादं रोजचं वाक्य हातात घ्या. सगळ्यांना पाठ असलेल्या वाक्याकडे कोणी नीट बघत नाही. म्हणून सरावाला तेच बरं.

आणि अमरावती-अकोल्यात हा नुसता सराव राहत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेकडो गावांत ‘भरपूर पाणी’ म्हणजे भरपूर खारं पाणी.

आधी मूळ शोधा

पहिला नियम : दावा दिसला की त्याचा माग काढा. ‘रोज आठ ग्लास’ या दाव्याचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाच्या १९४५ च्या शिफारशीपर्यंत पोहोचतो. त्या शिफारशीत प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं. पण लगेच पुढे हेही म्हटलं होतं, की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं तिथेच राहिलं. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने ‘आठ ग्लास’चा पुरावा शोधायला सगळं साहित्य धुंडाळलं. निरोगी, समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या माणसांसाठी त्याला तसा पुरावा सापडला नाही.

आता घाई करू नका. ‘म्हणजे पाणी प्यायचा सल्ला खोटा’ असा निष्कर्ष काढाल, तर तीच चूक उलट्या बाजूने कराल. व्हाल्टिनचं विधान कोणाबद्दल आहे ते पुन्हा वाचा : समशीतोष्ण हवा, बैठं काम. अकोल्याचा मे महिना यात कुठे बसतो? मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. तिथे पाणी कमी पडणं हा खरा धोका आहे.

मूतखड्याच्या बाबतीत तर चांगला पुरावा आहे. इटलीतल्या पार्मा इथे बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांना दोन गटांत वाटलं आणि पाच वर्षं पाहिलं. जास्त पाणी पिणाऱ्या गटात सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्के. हा अभ्यास १९९६ चा. ‘पाणी प्या, खडा होणार नाही’ या सल्ल्यामागे तो भक्कमपणे उभा आहे.

पण त्याच्या पद्धतीकडे बघा. त्यांनी ग्लास मोजले नाहीत. दिवसभरात होणारी लघवी मोजली आणि ती दोन लिटर किंवा त्याहून जास्त राहावी असं उद्दिष्ट ठेवलं. पार्म्यात बसून काम करणाऱ्याला त्यासाठी जेवढं पाणी लागेल, तेवढं दर्यापूरच्या शिवारात दुपारभर निंदण करणाऱ्या बाईला पुरणार नाही. तिचं निम्मं पाणी घामातच जाईल. ‘तीन लिटर’ हा आकडा वाहून आणला, मोजमाप मात्र मागेच राहिलं. शोधनिबंध वाचताना हा प्रश्न दरवेळी विचारा : त्यांनी नेमकं काय मोजलं, आणि सल्ला देणारा काय मोजायला सांगतोय?

सल्ला कशाबद्दल गप्प आहे?

आता दुसरा टप्पा. वाक्यात पाण्याचं प्रमाण आहे, पाण्याची जात नाही. मुंबई-पुण्यात लिहिलेल्या पत्रकाला ती लिहायची गरज वाटत नाही, कारण तिथे नळाचं पाणी धरणाचं आहे. खुद्द अमरावती शहर अप्पर वर्ध्याचं आणि अकोला शहर काटेपूर्णेचं पाणी पितं. पण शहर सोडून दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, आणि पुढे बुलढाण्यात शेगाव, संग्रामपूरकडे निघा. सातपुड्याच्या पायथ्याखालून पूर्णा पश्चिमेला तापीकडे वाहते. तिच्या दोन्ही अंगांना गाळाची खोल, चिकट, काळी जमीन आहे. या गाळातलं भूजल मोठ्या पट्ट्यात खारं आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी विहीर खारी. हाच आपला खारपाणपट्टा.

किती गावं? इथे एक गंमत आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे. बातम्या आणि भाषणांत ८९४ गावांचा आकडा वर्षानुवर्षं ऐकू येतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली ९३२ गावं धरली होती. म्हणून यातला एक आकडा खोटा म्हणायचं कारण नाही. ‘खारपाणपट्ट्यातलं गाव’ कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली की यादी बदलते. जमीन खारवट असलेलं गाव, विहीर खारी असलेलं गाव आणि लोक खारं पाणी पितात ते गाव, या तीन वेगळ्या याद्या आहेत. आरोग्याच्या प्रश्नाला तिसरी लागते, हाताशी बहुतेकदा पहिली असते. सिनॉप्सिसमध्ये ‘कार्यात्मक व्याख्या’ नावाचा जो रकाना आपण पाठ्यपुस्तकातून उतरवून मोकळे होतो, तो नेमका यासाठी असतो.

जरा हिशेब मांडू

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ हे शब्द खारपाणपट्ट्यासाठीच लिहिल्यासारखे वाटतात.

त्याच भिंतीवर दुसरा सल्लाही असतो : ‘मीठ कमी खा.’ जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. समजा, एखाद्या बोअरच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम सोडियम आहे. (हा आकडा उदाहरणाचा आहे, कोणत्याही गावाचा नाही.) चार लिटर प्यायलं की १६०० मिलिग्रॅम सोडियम झालं. मिठाच्या भाषेत जवळपास ४ ग्रॅम. भाजीत चिमूटभर मीठ पडायच्या आधीच दिवसाचा बहुतेक कोटा संपला. म्हणजे शेजारी शेजारी चिकटवलेले दोन सल्ले एकमेकांच्या विरोधात गेले, आणि ते पाळणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

फ्लोराइडचंही तसंच. मर्यादा लिटरमागे लिहिलेली असते, शरीरात जाते ती मात्रा मात्र तीव्रता गुणिले प्यायलेले लिटर अशी असते. थंड देशात दोन लिटर पिणाऱ्याला जी तीव्रता चालून जाईल, ती चार लिटर पिणाऱ्याला दुप्पट मात्रा देते. तीव्रता आणि मात्रा यांतला हा फरक ज्याला कळला, त्याला पर्यावरण-आरोग्यातले अर्धे निबंध कळायला लागतात.

पण या हिशेबाच्या प्रेमात पडू नका. तो शक्यता दाखवतो, पुरावा देत नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या घामातून सोडियमही बाहेर पडतं. त्याचं शिल्लक किती राहतं हे कागदावर सांगता येणार नाही. त्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजावं लागतं. काम किचकट आहे, लोक कंटाळतात, बाटल्या सांडतात. म्हणूनच पुष्कळ अभ्यास टीडीएस मोजून थांबतात.

आणि टीडीएस म्हणजे सोडियम नव्हे. त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, बरंच काही असतं. खिशातला टीडीएस-पेन तर क्षारही मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि ठरलेल्या गुणकाने आकडा दाखवतो. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यांबद्दल तो काहीच सांगत नाही. गावात फिल्टर विकायला येणारे पाण्यात दोन सळया घालून वीज सोडतात आणि पाणी गढूळ-लालसर झालं की ‘बघा, काय पेता तुम्ही!’ म्हणतात, ते तर शुद्ध नाटक आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि त्यांचीच लोखंडी सळई झिजते. दिसणारा रंग त्या लोखंडाचा असतो. मोजमापाची वैधता शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या बाजूचीही समीक्षा

आता तुम्ही म्हणाल, खाऱ्या पाण्यानेच किडन्या जातात हे आपल्या इकडे शेंबडं पोरगंही सांगतं, मग अभ्यास कशाला? हाही एक दावाच आहे, आणि आपल्या बाजूचा दावा जास्त कडकपणे तपासावा लागतो.

बांगलादेशाकडे बघा. तिथल्या किनारपट्टीवर पिण्याचं पाणी खारं होत चाललंय. दाकोप भागातल्या गरोदर बायांवरच्या, २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात खारं पाणी आणि उच्च रक्तदाब यांचा संबंध दिसला. पण २०१९ मध्ये त्याच देशाच्या नैर्ऋत्य किनारपट्टीवरच्या दुसऱ्या अभ्यासात सौम्य खारं पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब थोडा कमी आढळला. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा चांगला परिणाम सोडियमच्या वाईट परिणामावर मात करत असावा. दोन्ही अभ्यास प्रामाणिक. लोकसंख्या वेगळी, पाण्याची रचना वेगळी. मग आपल्या पूर्णेच्या पाण्याबद्दल बांगलादेशावरून परस्पर काही म्हणता येईल का?

किडनीचा आजार तर आणखी गुंतागुंतीचा आहे. बुलढाण्याच्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागातल्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. ते दुःख खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न कारणाचा आहे. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, आंध्रातलं उद्दानम, एल साल्वादोर-निकाराग्वामधले ऊसतोड मजूर या ठिकाणीही शेतकरी-मजुरांत असाच आजार आहे, आणि मधुमेह-रक्तदाब यांनी तो पुरता उलगडत नाही. मध्य अमेरिकेत संशय मुख्यतः उन्हातल्या कष्टावर आणि वारंवार शरीरातलं पाणी कमी होण्यावर आहे. श्रीलंकेत पाणी, रसायनं, उष्णता असे अनेक धागे अजून सुटे आहेत. आपल्याकडे खारपाणपट्टा आहे, ऊन आहे, फवारणी आहे, अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी आहे. सगळं एकाच माणसाच्या वाट्याला. यातलं एकट्या पाण्यालाच धरलं, तर इतर कारणं मोकळी सुटतात.

त्यात आपल्याला ठेच लागू शकते अशा जागाही पाहून ठेवा.

एक : तालुक्यात क्षार जास्त आणि तालुक्यात रुग्ण जास्त, म्हणून क्षार पिणारेच रुग्ण, असं म्हणता येत नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलण्याचा हा दोष रॉबिन्सनने १९५० मध्येच दाखवला आहे.

दोन : समजा, तुम्ही आज गावात पाहणी केली आणि आरओचं कॅन घेणाऱ्या घरांत मूतखडे जास्त निघाले. म्हणजे आरओने खडे होतात? बहुधा उलट असेल. खडा झाला म्हणून डॉक्टरने सांगितलं आणि म्हणून घरी कॅन आलं. आधी काय आणि नंतर काय, हे एकदाच केलेली पाहणी सांगत नाही. म्हणून प्रश्नावलीत ‘कोणतं पाणी पिता?’ एवढंच नको. ‘कधीपासून? त्याआधी कोणतं? का बदललं?’ हेही हवं.

तीन : छेद मोजला का? ‘या गावात पंधरा रुग्ण’ हे वाक्य अर्धं आहे. किती लोकांतून, किती वयाचे, आणि खाऱ्या पट्ट्याबाहेरच्या तशाच गावात किती? शिवाय जिथे बोभाटा झाला तिथे तपासणी शिबिरं जास्त होतात, आणि तपासणी जास्त झाली की रुग्णही जास्त सापडतात.

सल्ला कोणाला उद्देशून आहे?

समीक्षेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी शेवटी ठेवला आहे. ‘भरपूर पाणी प्या’ हे आज्ञार्थी वाक्य आहे. आज्ञा कोणाला? एकट्या माणसाला. जणू पाणी समोर ठेवलंय आणि तो आळसाने पीत नाही.

कापूस वेचायला गेलेल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पाणी घरून कॅनमध्ये न्यायचं, ते दुपारपर्यंत तापतं. शिवारात आडोसा नाही, म्हणून ती मुद्दाम कमी पाणी पिते. तिला पाण्याचं महत्त्व माहीत नाही असं नाही. तुमच्या प्रश्नावलीतल्या ‘आरोग्य-जागरूकता’ गुणांत ती नापास होईल, पण तिच्याकडे उणीव माहितीची नाही, संडासाची आहे. ‘जनजागृतीची गरज आहे’ या वाक्याने संपणारे शंभर प्रबंध तुम्हाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडतील. तुमचा एकशे एकावा नसावा.

इथे आपल्याच मातीतलं एक पुस्तक आठवतं. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ‘ग्राम-आरोग्य’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला आणि तो ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण यांच्या रांगेत बसवला. त्यातलं वैद्यकीय ज्ञान त्या काळाचं आहे, ते आजच्या पुराव्यावर तपासूनच घ्यावं. पण अध्यायाची जागाच एक भूमिका सांगते : आरोग्य हा गावाच्या कारभाराचा विषय आहे. आजच्या पत्रकाने तो पुन्हा एकेका माणसाच्या ग्लासात आणून टाकला.

त्या नजरेने पाहिलं तर वान धरणावरची अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना, खांबोऱ्याची ६४ खेडी योजना, दर्यापूरकडे जाणारं शहानूरचं पाणी हे सगळे आरोग्याचेच हस्तक्षेप आहेत. कोणत्याही पोस्टरपेक्षा मोठे. आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत लोक पुन्हा हापशीकडे वळतात का, हा आरोग्याचा प्रश्न आहे, नुसता पाणीपुरवठ्याचा नाही.

मग चांगला सल्ला कसा असेल?

टीका केली तर पर्याय द्यावा लागतो. मी लिहिला तर असा लिहीन :

‘उन्हात काम असेल तर तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. खूप घाम, गरगरणं, उलटी असेल तर नुसतं पाणी पुरणार नाही, ओआरएस घ्या आणि दवाखान्यात जा. प्यायला धरणाच्या योजनेचं पाणी मिळत असेल तर ते आधी, खारं पाणी वापरायला. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, नुसत्या पेनवर विसंबू नका. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, डायलिसिस चालू असेल, तर किती पाणी प्यायचं हे डॉक्टरला विचारा, भरपूर पिणं तुम्हाला घातक ठरू शकतं. आणि ग्रामसभेत विचारा : आपल्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल कुठे आहे?’

लांब झालं, ग्रुपवर पळणार नाही. पण यातल्या प्रत्येक वाक्याला ‘कोणासाठी?’ आणि ‘कोणत्या परिस्थितीत?’ विचारलं तर उत्तर मिळतं. मूळ वाक्याला ते मिळत नव्हतं.

आणि यावर संशोधन करायचं असेल तर? योजनेचं पाणी पोहोचलेली आणि अजून न पोहोचलेली, पण माती, पीक, कामधंदा सारखा असलेली गावं निवडा. शक्य असेल तर नळ येण्याआधी आणि नंतर मोजा. पाण्याचं पूर्ण रासायनिक विश्लेषण, लघवीतलं सोडियम, रक्तदाब, क्रिएटिनिन. क्रिएटिनिन एकदाच मोजून कोणाला दीर्घकालीन किडनीरुग्ण ठरवू नका. त्या निदानाला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला लागतो. ऐन मे महिन्यात दुपारी घेतलेला नमुना तात्पुरतं वाढलेलं क्रिएटिनिन दाखवू शकतो.

शेवटची गोष्ट नीतिमत्तेच्या अर्जातली, पण अर्जापुरती ठेवू नका. एखाद्याचं क्रिएटिनिन वाढलेलं सापडलं तर त्याच दिवशी काय करायचं, कुठे पाठवायचं, कोण सोबत जाईल, हे पहिला नमुना घेण्याआधी ठरवा. आणि विहिरीचा अहवाल विहिरीच्या गावाला द्या, मराठीत, चावडीवर लावून. त्या गावांनी आजवर पुष्कळांना नमुने दिले आहेत. त्यांच्या हातात परत काय आलं, हे तिथे गेल्यावर सगळ्यात आधी विचारा.